शंभरामागे साडेबारा

सतरा तारीख, रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण मेहकरच्या मंगल कार्यालयाचा मागचा हॉल. जमा झालेली रक्कम तेरा हजार चारशे पन्नास. हजर माणसं अडतीस, त्यांत तुझी बायको, म्हणजे वहिनी, आणि मी धरून. तुला जाऊन अकरा दिवस झाले होते, दिगंबर, आणि ही तुझी शोकसभा होती.

अडतिसांपैकी मला सोडून चौदा जण बोलले. चौदाच्या चौदा जणांनी ‘फास्ट’ हा शब्द वापरला. एकाने सात वेळा वापरला. मी मोजत होतो. मोजल्याशिवाय मला राहवत नाही, हे तुला माहीत आहे. तीस वर्षं बाजार समितीच्या काट्यावर गाड्यांची वजनं लिहिणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करू नये.

‘दिगूभाऊची बोटंच दिसत नव्हती,’ असं एक जण म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. गिटार वाजवणाऱ्याची बोटं दिसू नयेत यात कसला आनंद आहे ते मला कधीच कळलं नाही. डोळे मिटले तर कोणाचीच बोटं दिसत नाहीत. पण डोळे मिटून ऐकावं असं या मंडळींना कधी सुचलं नाही. ती तुझ्यासमोर मोबाइल धरून बसायची. एका लग्नात कोणी तरी तर मोबाइल तुझ्या गिटारीच्या दांड्यालाच टेकवला होता आणि तू वाजवता वाजवता हसून मान बाजूला घेतली होतीस. तू हसलास याचा राग मला अजून आहे.

अध्यक्षस्थानी अर्थातच प्रकाशराव होते. कापड दुकानाचे मालक, रसिक मंडळाचे कायमचे अध्यक्ष. शंकरपटात बैलजोडी किती सेकंदांत धावली हे बघायला घड्याळ घेऊन उभं राहणं हा त्यांचा पूर्वीचा मान. गावचे पट बंद पडले तेव्हा ते घड्याळ त्यांनी संगीताकडे वळवलं. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात तू वाजवायला लागलास की ते पहिल्या रांगेत खुर्ची उलटी करून बसायचे, हातात घड्याळ. तुकडा संपला की उठून आकडा जाहीर करायचे. मागच्या वर्षीपेक्षा तीन सेकंद कमी लागले की शिट्ट्या. तीन सेकंद जास्त लागले की ‘भाऊची तब्येत बरी नाही वाटते.’ माणूस आणि बैल यांत तुझ्या रसिकांनी एवढाच फरक ठेवला होता, की बैलाला निदान धावल्यावर सरकीची ढेप मिळायची.

हे सगळं मी तुला ऐकवलं होतं, तू असताना. त्यामुळे ते पुन्हा लिहिण्यात शौर्य नाही. जे ऐकवलं नव्हतं ते लिहायला बसलो आहे. ते नंतर येईल.

तुला ती कॅसेट मिळाली तेव्हा आपण बावीस वर्षांचे होतो. लोणारच्या सरोवरावर दगडांचे नमुने घ्यायला एक फ्रेंच माणूस आला होता, आणि तू त्याच्यासाठी अकरा दिवस जीप चालवलीस. जाताना त्याने भाड्याखेरीज ती कॅसेट तुला दिली. तुझ्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता, माझ्या वडिलांकडे होता. आमच्या ओसरीवर बसून आपण ती पहिल्यांदा ऐकली. ढोल नाही, तबला नाही, गाणारा नाही. दोन-तीन गिटारी आणि एक व्हायोलिन. एक गिटार नुसती तालावर तुटक तुटक ठोके देत होती, तारेवर हात लगेच ठेवून आवाज कापत. दुसरी तिच्यावरून अशी धावत होती की आपण दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

‘हे लोकं कोन हायेत बे?’ तू विचारलंस.

मी कॅसेटच्या डबीतला कागद उघडला. अक्षरं फ्रेंच. नावं कळली नाहीत. पुढे त्या वादनाला जिप्सी जॅझ म्हणतात, भटक्या जमातीच्या माणसांनी ते रुजवलं, हे एका प्राध्यापकांनी सांगितलं. तेव्हा तुला एवढंच कळलं होतं की हे आपल्याला वाजवायचंय. ऑर्केस्ट्रात तू गाण्यांना साथ करायचास ती गिटार घेऊन दुसऱ्या दिवसापासून तू आमच्या ओसरीवर. दिवसभर फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, हात साबणाने तीनदा धुवायचे, तरी औषधाचा वास जायचा नाही, आणि पाचच्या चहाला आमच्याकडे हजर. आई म्हणायची, ‘आला आपला औषधवाला.’

आठ महिन्यांत तू तो पहिला तुकडा त्या वेगाने बसवलास. बोटांची टोकं फुटली होती. त्या आठ महिन्यांत तुझ्याइतकी मेहनत करणारा माणूस मी पाहिला नाही, आणि हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

मग मंडळाच्या कार्यक्रमात तू तो वाजवलास. लोक उभे राहिले. प्रकाशरावांनी त्याच दिवशी पहिल्यांदा घड्याळ काढलं. आणि स्टेजवर माइक हातात घेऊन ‘हा तुकडा अवघ्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांत’ असं जाहीर करणारा माणूस मी होतो. मला कोणी सांगितलं नव्हतं. आकडे सांगायची हौस माझी. शिवाय दिगंबरचा मित्र म्हणून माइक हातात येतो याचंही सुख होतं. पुढच्या रविवारी चार माणसांनी मला रस्त्यात थांबवून चहा पाजला. काट्यावरच्या माणसाला फुकट चहा कोणी सहज पाजत नाही.

त्याच दिवाळीला कपाट आवरताना मी कॅसेटचा तो कागद पुन्हा उघडला. फ्रेंच वाचता येत नव्हतं, पण आकडे सगळ्या भाषांत वाचता येतात. प्रत्येक तुकड्यापुढे मिनिटं आणि सेकंद छापले होते. तुझ्या तुकड्यापुढे तीन मिनिटं. बरोबर तीन. मी वडिलांचं मनगटी घड्याळ घेतलं, टेप लावला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. पुन्हा लावला. दोन चाळीस. दुसरे तुकडे लावले, सगळे त्याच हिशोबाने लवकर संपत होते.

टेपरेकॉर्डर वेगाने फिरत होता, दिगू. वर्षभरापूर्वी वडिलांनी त्याचा पट्टा आणि मोटार बदलून घेतली होती, तेव्हापासून. बातम्या तर आम्ही रेडिओवर ऐकायचो, आणि आईच्या भजनांच्या कॅसेटमधला बुवा जरा बारीक आवाजात गातो एवढंच वाटायचं. तीन मिनिटांचं काम दोन चाळीसमध्ये, म्हणजे शंभराच्या जागी एकशे साडेबारा. शंभर किलोला साडेबारा किलोची तफावत काट्यावर निघाली तर काट्याला सील लागतं आणि मला नोटीस येते.

मी ती नोटीस स्वतःला दिली नाही. कागद घडी करून डबीत ठेवला आणि डबी कपाटात.

का, ते सरळ लिहितो. तुझ्या आठ महिन्यांची कीव येऊन नाही. मला माइक सोडायचा नव्हता. पुढच्या वर्षी मी जाहीर केलं, ‘दोन मिनिटं सदतीस.’

त्यानंतर एकोणीस वर्षं. लग्नसमारंभ, गणपती, शाळेची स्नेहसंमेलनं, एकदा बुलडाण्याला मोठा कार्यक्रम. तुला चमकदार शर्ट शिवायची सवय लागली, ती मला आवडायची नाही. कोणी गिटार पाठीमागे धरून वाजवायला सांगितलं तर तू वाजवायचास, तेही आवडायचं नाही. मी घरी येऊन या रसिकांना शिव्या द्यायचो. ‘यांच्यापुढे शिलाई मशीन ठेवलं तरी वा म्हणतील,’ असं मी म्हणायचो, आणि तू म्हणायचास, ‘येतात न लोकं, वसंता. घरी बसून टीव्ही पाहत नाहीत, एवढं तं मान.’ मी मानत नव्हतो. ज्यांना शिव्या द्यायचो त्यांच्यासाठी आकडा मात्र तयार ठेवायचो.

मग मोबाइल आले. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी मी तुझ्या दुकानात बसलो होतो. तू पंपाचा वायसर बदलत होतास, आणि मध्येच हात पुसून मला मोबाइल दाखवलास.

‘हे पाय बे. आपलाच तुकडा सापडला. त्याच लोकायचा.’

मी ऐकला.

‘पन लय सावकाश वाजून राह्यला,’ तू म्हणालास. ‘अन् सूर बी दोन घरं खाली. कोनं तरी नेटवर टाकतानी बिघडोलं असन.’

‘दुसरीकडे कुठे ऐकलास?’

‘पाच ठिकानी आयकला. पाचही जागी सावकाश.’ तू हसलास. ‘सगळ्यायनं एकाचंच उचललं असन. आपल्या टेपवर तं बरोबर होतं न. तू काट्यावरचा मानूस. तुह्या घरचं यंत्र चुकीचं कसं असन?’

पाच ठिकाणचे पुरावे तू माझ्यावरच्या भरवशापायी खोटे ठरवलेस. त्यापुढे गप्प बसणं मला जमलं नाही. मी म्हणालो, ‘यंत्र चुकीचं होतं, दिगू. शंभराला साडेबारा जास्त फिरत होतं.’

तू वायसर खाली ठेवलास.

‘तुले कवा कळलं?’

‘परवाच. कपाटात कागद सापडला.’

एकोणीस वर्षांना मी परवा केलं. तू म्हणालास, ‘बरं.’ त्यानंतर चार महिने तू आमच्याकडे आला नाहीस. मी दुकानावरून गेलो तर आतून हात करायचास, पण ‘ये’ म्हणायचा नाहीस.

पाचव्या महिन्यात आलास, गिटार घेऊन. सकाळची वेळ होती, बायको पोळ्या करत होती. ‘वहिनी, अर्धा तास आयकाल काय?’ म्हणालास आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेतलंस. तोच तुकडा. तीन मिनिटांचा. नव्हे, तुझ्या हाताने तीन मिनिटं दहा सेकंदांचा झाला होता. त्यात मला पहिल्यांदा दोन सुरांमधली जागा ऐकू आली. वेगात तू जे घासून न्यायचास ते आता एकेक करून ठेवत होतास, आणि एखादा सूर ठेवायला उशीर करत होतास, मुद्दाम, कोणाची तरी वाट बघितल्यासारखा. बायकोची एक पोळी करपली. तिने ती तव्यावरून काढली नाही.

‘हे अवघड हाय बे,’ तू म्हणालास. ‘फास्टमधी चूक लपते. इथी लपाले जागाच नाही.’

त्या सकाळसाठी मी तुझा ऋणी आहे. त्या वेळीही मला सांगता आलं असतं, की परवा नाही, त्या पहिल्या दिवाळीला. नाही सांगितलं. चहा घेतोस का, असं विचारलं.

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या कार्यक्रमात तू तसा सावकाश वाजवलास. मला आधी सांगितलंही नव्हतंस. पहिल्या मिनिटाला लोक गप्प होते, त्यांना वाटलं सुरुवात आहे, पुढे सुटेल. दुसऱ्या मिनिटाला खुर्च्या वाजायला लागल्या. मागून एक आवाज आला, ‘दिगूभाऊ, सेल उतरले काय?’ हॉल हसला. प्रकाशराव हातातलं घड्याळ कानाला लावून बघत होते. पहिल्या रांगेतल्या एका माणसाने फोनवर सोयाबीनचा भाव विचारला आणि उत्तर मोठ्याने शेजाऱ्याला सांगितलं. वीस-बावीस वर्षं हे तुझे चाहते होते. त्यांना तुझ्या वाजवण्यातलं काय आवडत होतं, याचं उत्तर तीन मिनिटांत मिळालं. काही नाही.

तू थांबलास. हसलास. आणि मग त्यांना हवा तो सुसाट तुकडा वाजवलास. सगळे उभे. ज्याने सेलचं विचारलं होतं त्याने पाचशेची नोट तुझ्या शर्टला टाचणीने लावली. त्या वेळचा व्हिडिओ म्हणे लाखावर लोकांनी पाहिला.

परत येताना मी तोंडाला येईल ते बोलत होतो. गाढवं, बहिरे, बाजारबुणगे. तू बसस्टँडपर्यंत ऐकून घेतलंस आणि म्हणालास, ‘त्यायचं काय चुकलं बे? त्यायले घड्याळ आपनच दाखोलं.’

तू ‘आपण’ म्हणालास. तू कधी आकडा सांगितला नव्हतास, दिगू. ते ‘आपण’ तू मला सांभाळून घ्यायला वापरलंस. मी म्हणालो, ‘तू लोकांची बाजू घेऊ नकोस.’ भांडण तिथेच राहिलं. आता ते एकट्याने संपवायचं झालं तर मला हरावं लागतं.

तर सतरा तारखेची सभा. पडद्यावर तोच लाखावर लोकांनी पाहिलेला व्हिडिओ दाखवायचा ठराव होता. माझ्या मोबाइलमध्ये स्वयंपाकघराच्या दारातलं तुझं वाजवणं आहे, मागे लाटण्याच्या आवाजासकट. मी प्रकाशरावांना म्हटलं, ‘हे लावा. तीन मिनिटं दहा सेकंद.’

त्यांनी कानाला लावून थोडं ऐकलं. ‘वसंतराव, शोकसभेत लोकायले अजून झोप आनता काय? आपला दिगूभाऊ म्हनजे स्पीड. लोकं त्याच्यासाठीच आले.’

मग माझं नाव पुकारलं तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. टेपरेकॉर्डर, पट्टा, कागदावरचे आकडे, तीन मिनिटं आणि दोन चाळीस, शंभराला साडेबारा. म्हटलं, ज्या वेगाला तुम्ही इतकी वर्षं टाळ्या दिल्या तो वेग आमच्या घरच्या बिघडलेल्या यंत्राचा होता. दिगंबरला हे कळल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि ते त्याचं खरं वाजवणं होतं, आणि ते तुम्ही हसून बंद पाडलंत.

मला वाटलं, लागलं. एवढ्यात प्रकाशराव उठले.

‘म्हनजे,’ ते सावकाश म्हणाले, ‘ज्यायनं हे वाजोलं त्या फ्रान्सवाल्यायपेक्षा बी आपला दिगूभाऊ फास्ट होता. किती टक्के म्हनले, वसंतराव?’

मी माइक खाली ठेवला. पण आकडा मी आधीच सांगून बसलो होतो. मागून कोणीतरी ओरडून दिला, ‘साडेबारा.’

शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत अशी रीत आहे. त्यांनी वाजवल्या. पडद्यावर व्हिडिओ लागला. तीन दिवसांनी बसस्टँडसमोर दहा बाय सहाचा फ्लेक्स लागला: तुझा फोटो, चमकदार शर्टातला, आणि खाली, ‘मूळ विदेशी कलाकारांपेक्षा १२.५% वेगवान’. सगळ्या फ्लेक्सवर तेवढी एकच गोष्ट खरी आहे, आणि ती माझ्याकडून गेली.

फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांना ते सांगितलं जे सभेत सांगितलं नव्हतं. म्हटलं, मला परवा कळलं नव्हतं. पहिल्याच वर्षी कळलं होतं. एकोणीस वर्षं मी दाबून ठेवलं, आणि त्याने विचारलं तेव्हा खोटं बोललो.

वहिनींनी हात थांबवला नाही.

‘मले काऊन सांगून राह्यले, भाऊजी?’

‘कोणाला तरी सांगायला पाहिजे होतं.’

‘ज्याले सांगाचं होतं तो होता न इतके दिवस. रोज पाचले तुमच्या घरी येत होता.’ त्यांनी शेंगांची टरफलं बाजूला सारली. ‘मी माफ करू म्हनता काय? माह्या हातात काय हाय त्यातलं?’

बरोबर होतं. मी उठलो. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘प्रकाशराव पाकीट देऊन गेले. खर्च जाऊन उरले म्हने. मले नको ते पैसे. दुकानात सात पंप पडेल हायेत, आमच्या यायनं आगाऊ पैसे घेतेल होते. ज्याचे त्याले देऊन टाका. तेवढं करा.’

पाकिटात दोन हजार आठशे होते. हॉल, फ्लेक्स, साऊंड आणि चहा मिळून दहा हजार सहाशे पन्नास गेले होते. सातही पंपांच्या दांड्यांना तू तारेने चिठ्ठ्या बांधल्या होत्यास, नाव, गाव आणि आगाऊ रक्कम. एकूण दोन हजार नऊशे पन्नास. दीडशे मी घातले. सहा जणांचे सहा गावांत पोचवले. ते सहाही जण तुझ्या कार्यक्रमाला कधी आले नव्हते. दोघांना तू गिटार वाजवायचास हेच माहीत नव्हतं.

सातवा जानेफळचा, शेषराव. साठीचा असेल. तो स्वतःच मोटारसायकलवर दुकानाशी आला, मी कुलूप लावत होतो तेव्हा.

‘पंप झाला नसन,’ तो म्हणाला.

‘नाही झाला. दिगंबर गेला.’

‘आयकलं.’ त्याने पायरीकडे बघितलं. ‘मी दोनदा येऊन गेलतो. ते वाजोत बसेल होते. मधात कसं बोलाचं, म्हनून भाईरच थांबलो. दुसऱ्या खेपेले तं पंपाचं इचाराचं राहूनच गेलं. घरी गेल्यावर बायको म्हने, पंप कुठी हाय?’

‘काय वाजवत होता?’

‘मले काय मालूम, भाऊ. सावकाश होतं. आता थांबन, आता थांबन वाटे, पन थांबे नाही. मले बरं वाटे.’

‘किती वेळ उभे होता?’

त्याने माझ्याकडे चमत्कारिक बघितलं. ‘घड्याळ कोन पाहते?’

मी त्याला साडेतीनशे रुपये दिले. त्याने नोटा न मोजता खिशात ठेवल्या, आणि बिघडलेला पंप मागच्या सीटला दोरीने बांधून घेऊन गेला.